तिसरीतला मुलगा ‘विहीर’ लिहायचं टाळतो. शुद्धलेखन आणि अक्षर तुम्ही कसं शिकवता?

ओसरीवरून (धागाकर्ती)

नमस्कार. मी भोर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. तिसरी-चौथी माझ्याकडे, दोन्ही मिळून पट १७. मागच्या आठवड्यातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

सोमवारी मुलांना सांगितलं, काल घरी काय काय झालं ते वहीत लिहा. तिसरीतल्या एका मुलाची शेळी रविवारी घरामागच्या विहिरीत पडली होती. परिपाठाच्या आधीच त्याने सगळ्या वर्गाला ती हकिगत सांगून टाकली होती. कठडा कसा पडका आहे, शेळी कशी ओरडत होती, बाबा कमरेला दोर बांधून कसे उतरले, आजी वर बसून कशी रडत होती. चौथीची मुलंसुद्धा दप्तरं खाली ठेवून ऐकत उभी होती. आणि वहीत त्याने लिहिलं:

शेळी पडली. बाबा आला. शेळी वर आली.

एवढंच. मी जवळ बसवून विचारलं, अरे, कुठे पडली ते लिहिलंच नाहीस. तर म्हणाला, “बाई, विहिरीला पहिली वेलांटी का दुसरी ते मला येत नाही. मागं तुम्ही गोल केला होता.”

मागची पानं उलटून पाहिली. एका पानावर लाल पेनाचे अकरा गोल होते, सगळे माझेच. आणि विहीरच लिहायची नाही म्हटल्यावर दोर कुठे सोडणार, कठडा कशाचा सांगणार? सगळी गोष्टच गेली.

आमच्या केंद्रातल्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या) शिक्षण परिषदेत विचारलं, तर एका सरांनी सांगितलं की तिसरीपर्यंत चुका तपासूच नका. दुसऱ्या बाई म्हणाल्या, चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावा. दोन्ही पटत नाही. न तपासता सोडलं तर तीच चूक हाताला बसते, हे मी चौथीत रोज बघते. अक्षराचंही असंच. सुंदर अक्षर काढणारी दोन मुलं इतकी सावकाश लिहितात की तिसऱ्या वाक्यापुढे जातच नाहीत.

तुम्ही काय करता? शिक्षक, पालक, कोणीही सांगा.

जुनी पाटी

बाई, मी चौतीस वर्षं प्राथमिकला होतो, आता निवृत्त आहे. आधी एक सांगतो, गोल करणं हा गुन्हा नाही. चूक दाखवायची नसेल तर वही तपासायची तरी कशाला? पण एका पानावर अकरा गोल म्हणजे पोराला काहीच दाखवलं नाही. तीन केले असते तर ते तीन त्याच्या लक्षात राहिले असते.

अक्षराबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण तो माझा जिव्हाळ्याचा विषय.

आपल्याकडे ‘शुद्धलेखन’ म्हणजे रोज एक पान बघून उतरवणं. घरचेही तेच विचारतात, “शुद्धलेखन झालं का?” ते पान नीट बघा. पहिली ओळ मोत्यासारखी, पाचवी बरी, बारावी वाकडी. कारण दुसऱ्या ओळीपासून मूल वरचा कित्ता बघतच नाही, स्वतःचीच आधीची ओळ बघून लिहितं. चूक झाली की ती पानभर उतरत जाते. मी पुढे पुढे ओळी खालून वर लिहायला लावायचो. कित्ता सगळ्यात वर आणि लिहायला सुरुवात शेवटच्या ओळीपासून. लिहिलेली ओळ हाताखाली झाकली जाते, नजर कित्त्यावरच जाते. अर्धं पान पुरतं, पूर्ण पान लिहायची गरजच नाही.

दुसरी गोष्ट शिरोरेघेची. पुष्कळ मुलं आधी लांब रेघ मारतात आणि तिला कपडे वाळत घातल्यासारखी अक्षरं टांगतात. तसं करू देऊ नये. भ, ध आणि थ यांच्या डोक्यावर रेघ तुटते, म, घ आणि य यांच्यावर ती सलग असते. सरसकट रेघ ओढली की ‘भात’चा ‘मात’ होतो आणि ‘धर’चं ‘घर’. आपण म्हणतो पोराला भ आणि म मधला फरक कळत नाही. त्याला कळतो, पण त्याच्या रेघेने तो पुसून टाकलेला असतो. शब्द आधी पूर्ण लिहायचा, मग डावीकडून उजवीकडे रेघ, आणि भ-ध-थ आले की पेन्सिल उचलायची. हे एवढं पहिलीत पक्कं केलं की पुढचा निम्मा त्रास वाचतो.

आणि पहिलीला वर्णमालेच्या क्रमाने अक्षरं गिरवायला देऊ नका. ‘ग म भ न’ हा जुना क्रम उगीच नव्हता. वळण एका जातीचं असलं की हात एकदाच वळतो. व-ब-क, प-ष-फ, ट-ठ-ढ-द ही अशीच घराणी.

काना मात्रा

मी मुद्रितशोधक आहे, मुलांना शिकवलेलं नाही, तेव्हा सांभाळून लिहिते. पण त्या मुलाने अडखळायला जो शब्द निवडला तो नेमका आपल्या लेखनाच्या गाठीचा आहे.

‘विहीर’ म्हणून बघा. पहिली वेलांटी वि ला, दुसरी ही ला. आणि ‘विहिरीत’ म्हटलं की ही चा हि होतो. कानाला यातलं काही ऐकू येत नाही. मराठीत बहुतेक ठिकाणी इकार-उकार लांब की आखूड हे शब्दातल्या जागेवरून ठरतं, बोलणाऱ्याच्या इच्छेवरून नाही. म्हणून “नीट ऐक, मग लिही” हा सल्ला या बाबतीत मुलाला उपयोगी पडत नाही. त्याने कितीही कान दिला तरी उत्तर कानात नाहीच.

मग ते आहे कुठे? जागेत. साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ नियम आणि १९७२ साली जोडलेले ४, असे १८ नियम आहेत. ते चौथीच्या मुलाला देऊ नयेतच. पण त्यातल्या चार गोष्टी खेळासारख्या देता येतील असं मला वाटतं. शब्दाच्या शेवटी आली की दुसरी: पाणी, आजी, वाळू, लाडू. (‘आणि’ वेगळा, तो तसाच पाठ करायचा.) शेवटचं अक्षर काना-मात्रा नसलेलं असेल तर त्याच्या आधीची दुसरी: विहीर, बहीण, गरीब, फूल, मूल, सून. त्याच शब्दाला शेपूट जोडलं की ती पहिली होते: विहिरीत, बहिणीला, गरिबाचा, फुलांचा, सुनेने. आणि ‘करून, धावून, बांधून, घरून’ यांतला ऊ कायम दुसरा.

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द यात बसत नाहीत. मंदिर, गुण, सुख यांत पहिली आणि गीत, परीक्षा, पूजा यांत दुसरी. ते शब्द डोळ्यांनीच ओळखीचे व्हावे लागतात, म्हणजे भरपूर वाचावे लागतात. तिसरीत त्यासाठी मार्क कापणं मला अन्यायाचं वाटतं.

‘शुद्ध’ या शब्दाबद्दल एक. माझ्या आजीची पत्रं माझ्याकडे आहेत. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरीं’, जागोजाग टिंबं. तिच्या शाळेत ती टिंबं न देणं चूक होती. १९६२नंतर ती देणं चूक झालं. माझ्या पोटापाण्याचा धंदाच नियमांवर चालतो आणि ते पाळलेच पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. पण मूल चुकलं म्हणजे ‘अशुद्ध’ झालं, असं म्हणू नये. मी ‘प्रमाणलेखन’ म्हणते. सगळ्यांनी मिळून ठरवलेलं, म्हणून शिकून घ्यायचं.

तापीकाठ

ओसरीवरून ताई, मी धुळे जिल्ह्यात शिकवतो. माझ्या मुलांच्या घरी अहिराणी. ‘केळी’ला घरी ‘केयी’, ‘पाणी’ला ‘पानी’. काना मात्रा यांचं बरोबर आहे, पण आमच्याकडे गाठ त्याच्याही आधी पडते. मूल ‘पानी’ लिहितं तेव्हा त्याने ऐकलेलं अगदी अचूक लिहिलेलं असतं. ध्वनी ओळखला, अक्षर आठवलं, जागेवर मांडलं. हे सगळं शिकवायला मला दीड वर्ष लागलेलं असतं, आणि त्यावर मी गोल करायचा?

मी असं करतो. फळ्यावर दोन घरं. एक ‘घरचं’, एक ‘पुस्तकातलं’. पानी–पाणी, लोनी–लोणी, केयी–केळी. मुलंच शब्द शोधून आणतात, भांडून आणतात. दोन महिन्यांत त्यांना कळतं की ण आणि ळ ही पुस्तकातली पाहुणे मंडळी कुठे कुठे बसतात. घरचा शब्द पुसायचा नाही, हा माझा नियम. आजी तसं बोलते, आजी चुकीची नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं. माझ्याकडे दोन वह्या आहेत. एक गोष्टवही. तिच्यात मुलाने वाटेल ते, जमेल तसं लिहायचं. लाल पेन त्या वहीला लागत नाही. पण मी तिच्यात उत्तर लिहितो, रोज नाही जमत, आठवड्यातून प्रत्येकाला एकदा तरी. उत्तरात मुद्दाम त्याचेच अडलेले शब्द नीट लिहून वापरतो. त्याने ‘आमि बाजारत गेलू’ लिहिलं, तर मी लिहितो, ‘तुम्ही बाजारात गेलात तेव्हा मीही बाजारातच होतो. तू काय खाल्लंस?’ मुलं ते उत्तर तीन-तीनदा वाचतात. शिक्षकाने आपल्याला पत्र लिहिलंय ना!

दुसरी शब्दवही. गोष्टवहीतून आठवड्याला तीनच शब्द तिच्यात जातात आणि श्रुतलेखन फक्त त्या शब्दांचं. पुस्तकातल्या धड्याचं श्रुतलेखन मी बंद केलं, कारण ते शब्द मुलांचे नसतात.

जुनी पाटी गुरुजी, तुमचे तीन गोल आणि माझे तीन शब्द जुळले बघा.

जुनी पाटी

जुळले खरे. पण लाल पेन न लागलेली वही मला अजून पचत नाही. शिष्यवृत्तीला ‘शुद्ध शब्द ओळखा’ आलं की पोराने काय करायचं?

तापीकाठ

गुरुजी, तिथे शब्दवही कामाला येते. गोष्टवही परीक्षेसाठी नाहीच.

ठाणे लोकल

मी शिक्षिका नाही, आई आहे. मुलगी चौथीत, शाळा इंग्रजी माध्यमाची, हिंदी दुसरी भाषा आणि मराठी तिसरी. आमच्या घरातला गोंधळ काना मात्रा यांचं वाचून आत्ता उलगडला. हिंदीच्या वहीत ती ‘कवि’, ‘गुरु’ लिहिते, बरोबर. मराठीच्या वहीत तेच लिहिलं की चूक, कारण इथे ‘कवी’, ‘गुरू’. हिंदीत ‘फूलों’ आणि मराठीत ‘फुलांना’. लिपी एकच असल्यामुळे तिला वाटतं नियमही एकच. कोणीच तिला सांगितलेलं नाही की ही दोन वेगळी घरं आहेत. मीही नाही.

ल आणि श चं तर वेगळंच. हिंदीच्या पुस्तकात दंडाचा ल, मराठीत पाकळीचा. शाळेतल्या बाईंनी दंडाचा ल काट मारून चूक दिला, तेव्हा मी रागावले होते. नंतर कळलं की ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिलाय. ठरवलं ते चांगलंच, पण नऊ वर्षांच्या मुलीला काट मारण्याआधी कारण सांगायला हवं होतं.

तापीकाठ सरांच्या दोन घरांचा तक्ता मी आज रात्री हिंदी–मराठीसाठी करणार आहे.

चिमूट

मी व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) करते, लिहिण्याच्या तक्रारीची मुलं माझ्याकडे येतात. ओसरीवरून, तुमच्या त्या दोन सावकाश मुलांबद्दल लिहिते.

आधी बोटं बघा. पेन्सिल किती दाबून धरतात? मागच्या पानावर अक्षरं उमटतात का? लिहिताना दुसऱ्या हाताने वही धरतात की तो हात मांडीवर पडलेला असतो? हाताला रग लागते म्हणून मूल थांबतं, आणि आपल्याला वाटतं ते अक्षर कोरतंय. २०२० साली पहिलीला नाव घातलेली मुलं आठवा. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ला उघडले, तोवर ती दुसरीत गेली होती. त्या वर्षी माझ्याकडे आलेल्या कितीतरी मुलांना अक्षरं ओळखता येत होती, पण दोन ओळींत हात दुखायचा. अक्षर डोळ्यात होतं, बोटांत नव्हतं.

त्यासाठी महाग काही लागत नाही. शेंगा सोलणं, कणीक मळणं, ओल्या मातीच्या गोळ्या, चिमट्याने चिंचोके उचलणं, ओलं फडकं पिळणं. पेन्सिलचा तुकडा लहान असला तर उलट चांगलं, लहान तुकडा मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. पाटी घरात असेल तर बाहेर काढा. पाटीवर पुसता येतं म्हणून भीती नसते आणि खरखरीत असल्यामुळे हात घसरत नाही.

बसणं फार महत्त्वाचं. जमिनीवर बसून जमिनीवरच वही ठेवली की मूल पोटात वाकतं आणि सगळा भार मनगटावर येतो. मांडीसमोर पाट किंवा पुस्तकं भरलेलं दप्तर ठेवा, वही त्यावर.

डावखुरं मूल असेल तर हात बदलू नका. वही थोडी उजवीकडे फिरवा, म्हणजे वरचा डावा कोपरा वर जाईल, आणि त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, शेजाऱ्याशी कोपर आपटणार नाही. आपण डावीकडून उजवीकडे लिहितो, त्यामुळे त्याचा हात लिहिलेल्यावरूनच सरकतो. अक्षर फिसकटलं तर तो आळशी नाही.

एक ध्यानात ठेवा. सगळं करूनही सहा-आठ महिने काहीच सरकत नसेल, तोंडी उत्तम आणि लेखी काहीच नाही असं असेल, तर तपासणी करून घ्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचण्या-लिहिण्यातली किंवा गणितातली कायमची अडचण) आहे, त्या मुलांना सवलती मिळतात. पण पालकांना सांगताना शब्द जपून वापरा.

ओसरीवरून

दुसऱ्या हाताचं बरोबर निघालं! आज बघितलं, दोघींचाही डावा हात ओढणीशी खेळत असतो आणि वही सरकत राहते. उद्यापासून दप्तरावर वही.

शनिवारची शाळा

न्यू जर्सीहून लिहितेय. आम्ही काही पालक मिळून शनिवारी दोन तास मराठी शाळा चालवतो. आमच्या मुलांना इंग्रजी लिहिता येतं, त्यामुळे हात तयार असतो, पण ह्रस्व वेलांटी त्यांना कोड्यात टाकते. ‘कि’ म्हणताना क आधी ऐकू येतो आणि वेलांटी क च्या अलीकडे! एक मुलगा प्रत्येक वेळी क लिहून मागे जायचा आणि वेलांटीला जागाच उरायची नाही. ‘सूर्य’चा रफार तर त्यांच्या मते चोरीच आहे: र ऐकू येतो य च्या आधी, बसतो य च्या डोक्यावर.

शेवटी आम्ही हे लपवायचं सोडलं. मुलांना सरळ सांगतो की लिहिण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम इथे वेगळा आहे, हात कुठून कुठे जातो ते बघा. बाणाच्या खुणा काढतो. तेव्हापासून चिडचिड कमी झाली. तुमच्याकडच्या पहिलीतल्या मुलांनाही हाच प्रश्न पडत असणार, फक्त त्यांना तो विचारता येत नाही.

मधली सुट्टी

शनिवारची शाळा, हो, अगदी पडतो. माझ्या पहिलीत ‘दिवा’चा ‘दवि’ होतो तो त्यामुळेच. आणि ‘केलं, गेलं, पडलं’ यांचं टिंब! ‘आंबा’, ‘घंटा’ शिकवताना सांगतो, नाकातून आवाज आला की टिंब द्या. मग ‘केलं’मध्ये नाकातून काही येत नाही, तरी टिंब. मुलं ‘केल’ लिहितात. मी हल्ली पहिलीला पुस्तकी ‘केले, गेले’च लिहायला देते, तिसरीत ‘केलं’.

पुस्तकात वहीची पानं होती ती २०२५-२६पासून गेली, याचं मला वाईट वाटलं. २०२३-२४पासून दोन वर्षं होती. सगळ्यांना आवडली नव्हती, पण ज्यांच्या घरी जूनमध्ये वही येत नाही त्यांना लिहायला कागद तरी होता. माझ्याकडे अशी सहा मुलं आहेत. पाठकोरे कागद शिवून वह्या करतोय.

ओसरीवरून

तीन आठवडे झाले, म्हणून कळवते.

तापीकाठ सरांसारखी गोष्टवही सुरू केली. पहिला आठवडा काहीच घडलं नाही. मुलांना खरंच वाटेना की मी गोल करणार नाही. एकीने तर स्वतःच लाल पेनाने गोल करून आणले. तिच्याकडे बघून मला काय वाटलं ते सांगता येत नाही.

त्या मुलाच्या जुन्या तीन वाक्यांखाली मी लिहिलं, ‘शेळी विहिरीतून वर आली तेव्हा ती काय करत होती? बाबा विहिरीत उतरले तेव्हा दोर कोणी धरला होता?’ बाकी काही बोलले नाही. चार दिवस वही तशीच. पाचव्या दिवशी पान भरून आलं. त्याची परवानगी घेऊन जसंच्या तसं देतेय:

शेळी विहिरीत पडली. कठडा पडका व्हता. ती लय ओरडत व्हती. बाबानी दोर बांधुन उतरला. दोर काकानी आनि मी धरला. आजी रडत व्हती. शेळी विहिरीतुन वर आली. ती थरथरत व्हती मंग आजीनी तीला गोनपाट घातल. वीहीर लय खोल आहे.

‘विहिरीत’ त्याने माझ्या ओळीतून उचललं आणि बरोबर लिहिलं. सुटी ‘विहीर’ मी कुठे लिहिलीच नव्हती, ती अजून चुकते. या आठवड्याच्या शब्दवहीत विहीर, आणि, बांधून हे तीन शब्द घेतलेत. ‘व्हता’ला हात लावला नाही, ते घरचं.

काना मात्रा, तुमचा ‘शेपूट जोडलं की पहिली’ हा खेळ चौथीला इतका आवडलाय की मधल्या सुट्टीत एकमेकांना शब्द घालतात. काल एकाने मला ‘पाऊस’ घातला. पाऊस–पावसात. ऊ चा व झाला, त्यांच्या कोष्टकात कुठे बसवायचा ते त्यांना कळेना आणि मलाही चटकन सांगता आलं नाही.

काना मात्रा

पाऊस, देऊळ, चाहूल! पाऊस आणि देऊळ यांच्यात ऊ सुटा आहे, कुठल्याही व्यंजनाला चिकटलेला नाही, म्हणून शेपूट जोडताच त्याचा व होतो: पावसात, देवळात. चाहूलमध्ये तो ह ला चिकटलाय, म्हणून चाहुलीने. त्यांना सांगा, सुट्या ऊ चं वेगळं घर करा आणि त्यात आणखी शब्द शोधा. जाऊ सापडते का बघा, जाऊ–जावेला.

जुनी पाटी

बाई, पोराने लिहिलेलं दोनदा वाचलं. दोर त्यानेही धरला होता, हे पहिल्या तीन वाक्यांत नव्हतं. माझं म्हणणं थोडं मागे घेतो. ‘बांधुन’चं मात्र सोडू नका.

एक विचारायचं राहिलं. त्या विहिरीचा कठडा बांधला का कोणी?

ओसरीवरून

नाही अजून, गुरुजी. सध्या भोवतीने बाभळीच्या काट्या लावल्यात. ग्रामपंचायतीला अर्ज द्यायचाय, चौथीची मुलं लिहितायत.